रेमिंग्टनवरची बोटं

मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या तहसील कचेरीत आणि कोर्टात हिंदी टायपिंग येणारे जे बाबू आहेत, त्यांतले निम्मे तरी रजनी मॅडमच्या हाताखालून गेलेले. बाजारातल्या एका लांबट खोलीत तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, श्रीधरचं, टायपिंगचं इन्स्टिट्यूट होतं. इंग्रजीच्या चार मशिनी श्रीधरकडे, हिंदीच्या आठ रजनीकडे. श्रीधर शांत माणूस. रिबन बदलायची, अक्षरांचे खिळे पुसायचे, पोरांची हजेरी घ्यायची, सगळं सावकाश. रजनी मात्र खुर्चीवर पाच मिनिटं टिकत नसे. या मशीनवरून त्या मशीनवर, मागे उभी राहून नुसत्या आवाजावरून सांगायची, "चूक झाली, परत मार."

इन्स्टिट्यूट बंद पडलं त्याला सहा वर्षं झाली. परीक्षा कम्प्युटरवर गेल्या आणि पोरं यायची थांबली. खोलीच्या मालकाला खोली हवी होती. रजनी चार दिवस बहिणीकडे मोहगावला गेली असताना श्रीधरने बाराही मशिनी भंगारवाल्याला वजनावर देऊन टाकल्या. आली तेव्हा खोलीत टेबलांच्या पायांचे डाग तेवढे उरले होते. ती भांडली नाही. "बरं केलं," एवढंच म्हणाली आणि त्यावर पुन्हा कधी बोलली नाही. पण तिचा पाय घरात ठरेना. शिवणाचा क्लास लावला, सोडला. विम्याचं काम घेतलं, तेही सोडलं. दुपारी सगळं गाव आडवं झालं की ही ओसरीवर येरझारा घालायची. बोटं तर कधीच थांबत नसत. शेजारीण गप्पा मारायला आली की तिचं बोलणं रजनीच्या गुडघ्यावर टाइप होई, तेही हिंदीत. जन्मभर तिने तेच केलेलं. इन्स्टिट्यूटमध्ये अर्ज टाइप करून घ्यायला येणारा आपलं गाऱ्हाणं मराठीत सांगायचा आणि कागदावर ते सरकारी हिंदीत उतरायचं. मधला उलथापालथीचा भाग तिच्या डोक्यात व्हायचा की बोटांत, हे तिलाही सांगता आलं नसतं.

मग शेजारचा पांढुर्णा जिल्हा झाला. कलेक्टर कचेरी आली, आणि कचेरी आली म्हणजे अर्ज आले. एक दिवस ती कोणाच्या तरी लग्नाच्या खरेदीला पांढुर्ण्याला गेली होती, तेव्हा कचेरीबाहेर माणसं कागद हातात धरून उभी असलेली तिने पाहिली. एक म्हातारी शिपायाला विचारत होती, अर्ज कोण लिहून देते म्हणून. रजनी खरेदी सोडून तिथेच उभी राहिली.

घरी आली ती सांगतच, "मी लॅपटॉप घेऊन राहिली."

श्रीधरने पेपर खाली केला. "कायले?"

"अर्ज टाइप करीन. पांढुर्ण्याले बसीन."

"रोज बसनं जाशीन? या वयात?"

"त्रेपन म्हणजे काही वय आहे काय?"

मुलगी केतकी इंदूरला बँकेत. ती फोनवर म्हणाली, "आई, दिवाळीपर्यंत थांब. मी नवा घेऊन देते." पण दिवाळी पाच महिने दूर होती, आणि रजनीला पाच दिवस निघत नव्हते. शिवाय तिला तो स्वतःच्या पैशाने हवा होता.

पांढुर्ण्याच्या बस स्टँडजवळ भूपेंद्रचं दुकान होतं. कुठल्या कुठल्या कंपन्यांतून निघालेले जुने लॅपटॉप तो गठ्ठ्याने आणायचा आणि पुसून-झाडून विकायचा. रजनीने सगळ्यांत स्वस्त होता तो उचलला. काळा, जाडजूड, झाकणाचा एक कोपरा तडकलेला. तिने सगळ्यांत आधी त्याची बटनं दाबून पाहिली. ती खोल जात होती, हाताला उत्तर देत होती. तिला बरं वाटलं.

"मॅडम, याच्यात सिस्टीम नाही," भूपेंद्र म्हणाला. "कंपनीवाले सगळं काढून घेते. नवं विंडोज याला झेपणार नाही, लिनक्स टाकून देतो. फुकट असते ते. दोन दिवसांनी या."

दोन दिवसांनी ती गेली. लॅपटॉप त्याच फळीवर, त्याच जागी. भूपेंद्रच्या पुढ्यात शाळेचे वीस कम्प्युटर पडले होते. "परवा या मॅडम, नक्की." परवा दुकान बंद. त्याच्या पुढच्या फेरीला ती काउंटरसमोर उभीच राहिली.

"असं किती अवघड आहे ते? मले सांगा, मीच करते."

भूपेंद्र हसला नाही, हे त्याचं चांगलं. तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग एका पेन ड्राइव्हमध्ये सिस्टीम भरून दिली. "हे लावायचं. चालू केल्या केल्या एफ-ट्वेल्व दाबत राहायचं, पडदा उजळायच्या आत. मग जे विचारते त्याले उत्तर देत जायचं. बॅटरी मेलेली आहे, म्हणून वायर काढू नका."

बसमध्ये सौंसर येईपर्यंत तिने पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाक अर्धा टाकून ती बसली. एफ-ट्वेल्व दाबायचं काम तिच्या बोटांना सांगावंच लागलं नाही. पडदा जांभळा झाला आणि पहिलाच प्रश्न आला, भाषा कोणती? लांबच लांब यादी. तिने खाली खाली जात पाहिलं, आणि एका ओळीवर तिचा हात थांबला. मराठी.

"अहो, इकडे या."

श्रीधर चष्मा शोधत आला. सौंसरात राहून दोघांनी आयुष्यभर हिंदीतून फॉर्म भरले होते. रेशनच्या, बँकेच्या, जमिनीच्या, कुठल्याच कागदाने त्यांना कधी असं विचारलं नव्हतं. रजनीने मराठीवर टिचकी मारली आणि सगळा पडदा मराठीत बोलायला लागला. पण ती मराठी काही तिच्या ओळखीची नव्हती. 'विभाजन करा' म्हणाला. कशाचं विभाजन? दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. खाली लिहिलं होतं, 'डिस्कवरील सर्व माहिती पुसली जाईल.'

"कोणाचं काही असन त्याच्यात," श्रीधर म्हणाला. "विचारून घे आधी भूपेंद्रले."

"तो फोन उचलीन, तोवर संध्याकाळ होईन." तिने दाबून टाकलं.

पुढे नकाशा आला, तुम्ही कुठे राहता? तिने नकाशात सौंसरच्या अंदाजाने टिचकी मारली, तर खाली कोलकाता उमटलं. परत मारली, परत कोलकाता.

"कोलकात्याचे कवा झालो आपण?" श्रीधरने विचारलं. त्यावर मात्र ती हसली.

मग एक पट्टी सरकायला लागली. रजनी उठली, भाजी हलवून आली. पट्टी तेवढीच. अंगणात जाऊन आली. थोडी सरकली होती. "तू पाहून राहिली म्हणून ते काही लवकर होणार नाही," श्रीधर म्हणाला. अर्ध्याच्या पुढे गेली असेल नसेल, तोच पंखा थांबला. लाइट गेली. बॅटरी मेलेली, त्यामुळे लॅपटॉपही तत्क्षणी काळा.

लाइट आली ती चार वाजता. तोवर तिने कपाट आवरलं, ते नीट वाटेना म्हणून पुन्हा उपसलं. वीज आल्यावर मशीन चालू केलं तर इंग्रजीत एकच ओळ आली, सिस्टीम सापडत नाही. पहिल्यापासून सुरुवात. यावेळी ती पट्टीसमोर हलली नाही, आणि सहाच्या सुमारास पट्टी भरली. एक स्वच्छ, निळा पडदा समोर आला. नाव विचारलं तेव्हा तिने 'रजनी' लिहिलं होतं, तेच वर झळकत होतं.

तिने लिहायचं पान उघडलं. पाठ ताठ केली. पंचवीस वर्षं प्रत्येक अर्ज ज्या शब्दाने सुरू झाला, तोच शब्द बोटांनी आपोआप मारला. महोदय.

पडद्यावर उमटलं ते वेगळंच. आधी एक अधांतरी काना, मग एक लोंबकळता उकार, आणि पुढे 'केलच'.

तिने पुसून पुन्हा मारलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने प्रत्येक बटन सावकाश दाबलं, नवशिक्या पोरीसारखं. 'म'च्या जागी काना. 'ह'च्या जागी उकार. सगळ्या अक्षरांनी घरं बदलली होती. रेमिंग्टन टाइपरायटरवर जे अक्षर जिथे होतं, तिथे या लॅपटॉपमध्ये कोणी दुसरंच राहायला आलेलं. तिने झाकण लावलं आणि चपला घालून बाहेर पडली. लोधीखेड्याच्या रस्त्याने बरीच लांब चालत गेली आणि अंधार पडायच्या आत परत आली.

"नवीन शिकून घे," केतकी फोनवर म्हणाली. "महिनाभरात जमेल तुला."

"माझी बोटं आता नवीन शिकणार नाहीत."

"आई, तूच तर लोकांना शिकवलंस."

"म्हणूनच सांगून राहिली."

दोन दिवस तिने लॅपटॉपला हात लावला नाही. घरात भांड्यांचा आवाज वाढला. तिसऱ्या दिवशी दुपारी ती ओसरीवरून आत आली, तर श्रीधर लॅपटॉपसमोर बसलेला. मशिनी विकल्यापासून त्याने कुठल्याच कीबोर्डला बोट लावलेलं तिने पाहिलं नव्हतं. तो सेटिंगची यादी वरून खाली वाचत होता, एकेका नावावर बोट ठेवून, कालपासून म्हणे. बाजूच्या कागदावर पाहून झालेल्या नावांवर काट मारलेली.

"रेमिंग्टन आहे," तो म्हणाला. "पण याच्या आत नाही. वेगळं उतरवून घ्यावं लागते. केतकीनं ओळ पाठवली आहे, ती जशीच्या तशी मारायची. इंग्रजी आहे."

"मारा मग."

श्रीधरने फोनवरून इंटरनेट जोडलं, मोबाइल कपाला टेकून उभा केला आणि ती लांबलचक ओळ मारायला घेतली. सगळी लहान अक्षरं, मधेच रेघा. दहा बोटांनी, न बघता, एका लयीत. रजनी मागे उभी होती. त्याची बोटं अजून जागेवर होती. काळ्या पडद्यावर भराभर ओळी धावल्या आणि थांबल्या. यादीत नवीन नाव आलं. तिने त्याला खुर्चीवरून उठू दिलं नाही, त्याच्या खांद्यावरून वाकून मारलं, महोदय. महोदयच आलं.

"त्या मशिनी," श्रीधर बटनांकडे पाहत म्हणाला, "तुले विचारून द्यायला पाहिजे होत्या."

"हो," ती म्हणाली. "पाहिजे होत्या." आणि मग, "सरका आता. मले बसू द्या."

पुढच्या सोमवारी ती पांढुर्ण्याला गेली. कचेरीच्या व्हरांड्यात बसली, तर शिपायाने तासाभरात उठवलं. झाडाखाली बसली, तर वीज कुठली? शेवटी रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सवाल्या दिलीपशी ठरलं. त्याने एका टोकाला स्टूल आणि प्लग द्यायचा, आणि तिचे सगळे कागद त्याच्याकडेच छापायचे. पहिला माणूस आला गुणवंता नावाचा. एका कागदावर त्याचं नाव गुणवंता, दुसऱ्यावर गुनवंत, म्हणून पेन्शन अडकलेली. तो सुरू झाला तो बापाच्या वेळेपासून. रजनीने त्याला थांबवलं नाही. त्याचं बोलून संपलं तेव्हा चार ओळींचा हिंदी अर्ज तयार होता.

"एवढंच?" गुणवंताने विचारलं.

"साहेब एवढंच वाचते."

त्याने सही केली, पण जाईना. "त्याच्यात माझ्या बापाचं नाही आलं," म्हणाला. रजनीने एक ओळ वाढवली आणि कागद पुन्हा छापायला दिला.

आता ती आठवड्यातून पाच दिवस जाते. काही दिवस कोणीच येत नाही. मग ती स्टुलावरून उठते, रस्त्यापर्यंत जाते, कचेरीचं फाटक पाहून परत येते. दिलीप म्हणतो, मॅडम बसा ना जरा. सौंसरच्या तहसीलीसमोरही एक जागा पाहून ठेवायची तिच्या मनात आहे, हे तिने अजून घरी सांगितलेलं नाही. दुपारी श्रीधरचा फोन येतो.

"जेवली का?"

"नाही अजून," ती फोन खांद्याने कानाशी धरून सांगते. "दोन जणं बसून आहेत."