नगं ना आता?

अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच. पुढे शिकायचं म्हणून आईने मला देवळाली प्रवराला, तिच्या सख्ख्या बहिणीकडे ठेवलं. बाहत्तर साली मी दहावीत होते. आणखी एक वर्ष काढून अकरावीला मॅट्रिक व्हायचंच, हे माझ्या डोक्यात पक्कं होतं.

मराठीच्या मास्तरांनी तुलनात्मक निबंध दिला. म्हणाले, “दोन गोष्टी शेजारी मांडून थांबू नका. तुलना कशासाठी करताय ते आधी ठरवा. आणि खरं लिहा, वही माझ्याशिवाय कुणी पाहणार नाही.”

मी वेडी, खरं लिहिलं. मावशीचं घर आणि आईचं घर. मावशीकडे उसाचं रान, धान्याच्या पोत्यांची थप्पी. आमच्याकडे उतारावरचा भात, तोही संक्रांतीपर्यंत पुरला तर पुरला. पण जास्त कुठे आहे हे मला सांगायचंच नव्हतं. माया कुठे आहे, ते दाखवायचं होतं. मावशी दुसरी भाकरी हातात धरून विचारायची, “नगं ना आता?” यावर ‘नको’शिवाय माणूस काय म्हणणार? आई मात्र न विचारता वाढते, असं लिहून मी निबंध संपवला.

मास्तरांचा शेरा आला: ‘फरक उत्तम. साम्य दाखवायचे राहिले.’

तेवढ्यावर थांबले असते तर! मावशीचे यजमान शाळेच्या कमिटीत होते. मास्तरांनी कमिटीपुढे माझा निबंध नमुना म्हणून वाचून दाखवला, पार त्या भाकरीसकट. मला विचारलंसुद्धा नाही. काका लालबुंद होऊन घरी आले. मावशीने माझी पत्र्याची ट्रंक उंबऱ्याशी आणून ठेवली आणि म्हणाली, “जा बाई, माया हाय तितं.”

मास्तर एसटी स्टँडवर आले. “मी कौतुकानेच वाचला गं,” म्हणाले. मी तोंड फिरवलं. त्यांना मी अजून माफ केलेलं नाही.

घरी पोचले. आईने काही न विचारता ताट वाढलं. त्या वर्षी पावसाअभावी आमचा भात लोंब्या निसवायच्या आधीच वाळला होता. मी नागलीची एक भाकरी संपवली. आईने टोपल्यातली दुसरी उचलली, माझ्या धाकट्या बहिणींकडे पाहिलं आणि हात तसाच धरून ठेवला.

“नगं ना आता?” ती म्हणाली.

अगदी मावशीचाच आवाज. मी ‘नको’ म्हणाले आणि हात धुवायला उठले.