साडूंचा ह

आमच्या हदगावच्या साडूंइतका बोलणारा माणूस नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत मिळून दुसरा सापडायचा नाही. लग्नात त्यांच्या हाती माइक गेला की मुहूर्त टळणार, हे धरूनच चालायचं. कुणाच्या मातीला गेले तर गेलेल्या माणसाबद्दल इतकं चांगलं बोलतात, की घरची मंडळी रडायची थांबून 'हे नेमकं कोणाबद्दल चाललंय' म्हणून एकमेकांकडे बघू लागतात. सुरुवात ठरलेली असते. "मी अडकतो बरं का. ज्याला घाई हाय त्यानं खुशाल निघावं." एवढं ऐकून उठून जायचं तर माणूस फारच निगरगट्ट पाहिजे. त्यामुळे सगळे बसून राहतात आणि साडू तासभर बोलतात. हाच माणूस वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत मितभाषी म्हणून पंचक्रोशीत वाखाणला जात होता, हे आज कोणाला सांगून पटत नाही.

मितभाषी कसले, साडू तोतरे होते. इतर अक्षरांशी त्यांचं कसंबसं जमायचं. खरं वैर होतं ते एका ह शी. आता ज्याला ह म्हणता येत नाही त्याने जन्म कुठे घ्यावा, तर हदगावात. शेजारचा तालुका हिमायतनगर. दुकान बी-बियाण्याचं, म्हणजे दिवसभर हळद, हरभरा आणि हायब्रीड. साडूंनी यावर तोड काढली ती अशी, की ह चा शब्द तोंडात घ्यायचाच नाही. हरभऱ्याला चना म्हणायचं, हळदीला पिवळं म्हणायचं. नांदेडहून घरी येताना कंडक्टरकडे पुढच्या उमरखेडचं तिकीट मागायचं आणि गुपचूप हदगावला उतरायचं. सगळ्यात अवघड होता 'हाव'. त्यांच्याकडे होकार द्यायचा तो याच शब्दाने, आणि तोच निघेना. 'न्हाई' मात्र सटकन निघायचं. त्यातही ह आहे, पण तो न च्या आडून बाहेर पडतो. त्यामुळे फोनवर, जिथे मान हलवून भागत नाही, तिथे साडू सरसकट न्हाई म्हणत. जेवलात का, न्हाई. लग्नाला येता का, न्हाई. गावाने शाळा समितीचं अध्यक्षपद देऊ केलं, तेही न्हाई. माणूस तत्त्वाचा आहे, असं गावात नाव झालं.

अशा माणसाला घेऊन त्यांचे मामा माझ्या सासुरवाडीला, चाकूरला, मेहुणी बघायला आले. तोतरेपणाची गोष्ट अर्थातच कोणी काढली नव्हती. माझी बायको घरात सगळ्यांत थोरली आणि ही मेहुणी शेंडेफळ. मी लातूरला मराठीचा मास्तर, त्यात थोरला जावई, म्हणजे मध्ये बोलायचा दुहेरी परवाना. दुसऱ्याचं अर्धं राहिलेलं वाक्य आपण पुरं करायचं ही माझी जुनी खोड. वर्गात त्याला मी मदत म्हणत असे. पोहे झाले, चहा झाला. मेहुणी साडूंना फार आवडली होती. त्यांच्या हातातली बशी अजून तशीच होती आणि नजर आतल्या दारावरून हलत नव्हती. सासऱ्यांनी विचारलं, "काय पाव्हणे, पसंत हाय का पोरगी?" साडूंनी मान हलवली. सासरे जुन्या वळणाचे. "तसं नको. तोंडानं सांगा."

नुसतं 'पसंत' म्हणूनही सुटले असते, पण घाईत साडूंच्या ओठावर आला तो नेमका हाव. "ह... ह... ह..." खोलीत चिडीचूप. मला काही ती शांतता सोसेना. मी म्हणालो, "हरकत हाय म्हणतेत." साडूंना घाम फुटला, आणि त्या घटकेला जो एकच शब्द हाताशी होता तो त्यांनी दोनदा म्हटला, "न्हाई, न्हाई." सासरे उठले. "न्हाई तर न्हाई. जबरदस्ती थोडीच हाय." मामा तंबाखू थुंकायला बाहेर गेले होते. ते परत येईपर्यंत सोयरीक मोडली होती आणि साडू चपला घालून रस्त्याला लागले होते.

पुढचं साडूंनीच मला नंतर सांगितलं. नांदेडला ते उमरखेडच्या गाडीत बसले, कंडक्टर आला, तोंडात नेहमीचं उमरखेड तयार होतं. "मनात आलं," साडू म्हणाले, "लोक हासतील म्हणून जल्मभर शब्द चोरले. आज कुणी हासलं न्हाई, तरी पोरगी गेलीच. हासले असते तर कळलं तरी असतं ना भाऊ, की हा तोतरा हाय अन् हाव म्हणून राहिला." तेव्हा त्यांनी उमरखेड गिळलं आणि ह ला हात घातला. अख्खी गाडी वळून बघत होती. मागून कोणी हसलंही. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ह पासून हदगावपर्यंत पोचेस्तोवर अर्धापूर मागे गेलं. साडूंच्या हकिकतीतून थोडे मैल वजा करायची आम्हाला सवय आहे. शेवटी शब्द निघाला. कंडक्टरने तिकीट दिलं आणि तो पुढच्या सीटकडे वळला. "बस, एवढंच झालं," साडू म्हणाले. "मी तर आभाळ पडतं समजून राहिलो होतो."

चौथ्या दिवशी ते एकटेच चाकूरला आले. रविवार होता, मीही तिथेच होतो. साडू ओसरीवर बसले आणि म्हणाले, "मी अडकतो. टाईम लागंल. मधी कुणी बोलू नका." शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून. मग सुरू झालं. मला तीनदा शब्द सुचला आणि तीनदा मी तो गिळला. आत दूध उतू चाललं होतं, पण सासूबाई दारातून हलेनात. सासऱ्यांचा धीर सुटून ते काहीतरी म्हणणार, तेवढ्यात आतून मेहुणीचा आवाज आला, "बोलू द्या त्यांना सावकाश. आपल्याला कुठं गाडी गाठायचीय?" आणि साडूंचा हाव बाहेर आला. मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत, पण एका शब्दाचं एवढं लांब आणि एवढं चांगलं भाषण पुन्हा ऐकलं नाही.

तोतरेपणा काही त्या दिवशी गेला नाही. लाज गेली. लाज गेल्यावर त्याची कोणी सरबराई करीना, तेव्हा तोही हळूहळू कमी झाला. साडूंनी मात्र अठ्ठावीस वर्षांची बाकी वसूल करायला घेतली. आता दुकानात कोणी चना मागितला तर ते मुद्दाम विचारतात, "हरभरा म्हणता का?" फोन लावला की आधी गाव सांगतात, तेही दोनदा. माझ्या त्या हरकतीची गोष्ट तर प्रत्येक लग्नात माइकवरून सांगतात. मी पहिल्या रांगेत बसून हसतो, आणि दर वेळी आतून थोडा ओशाळतो. मेहुणीचं आयुष्य माझ्या घाईपायी दुसरीकडेच गेलं असतं.

आता मी निवृत्त आहे आणि माझेच शब्द जागेवर सापडत नाहीत. परवा साडूंना फोन केला आणि म्हणालो, "रविवारी दोघं या. शेतावर आपलं ते करू. ते ज्वारीचं, कोवळं, भाजून खातात ते..." पुढे काही सुचेना. कपाळावर घाम आला. साडूंना तो शब्द ठाऊक होता, पहिल्या 'ज्वारी'लाच ठाऊक झाला असणार, आणि तो ह चा होता. पण तिकडून ते काही बोलले नाहीत. जरा वेळाने एवढंच म्हणाले, "आठवू द्या भाऊ. आपल्याला कुठं गाडी गाठायचीय?"

मग आठवला. "हुरडा," मी म्हणालो. "येता का?"

तिकडे थोडा वेळ काहीच आलं नाही. मी थांबलो.

"ह... ह... हाव," साडू म्हणाले.