तेल अडवणारी गोळी

आमच्या यजमानांचं वजन हा पाली गावात कौतुकाचा विषय होता. लग्नात मी काडीपैलवानाच्या पदरात पडले होते. पुढं खासगी बसवर ड्रायव्हर झाले आणि बघता बघता असे फुगले, की शर्टाची बटणं पोटावर येऊन दम तोडायची. सासूबाईंना त्याचा अभिमान. कुणी काही बोललं की म्हणायच्या, "खात्यापित्या घरचं हाय, दिसणारच की." आम्ही दुकानदारांची माणसं. आमच्यात बारीक माणूस दिसला की लोक आधी विचारतात, धंदा बुडाला का?

तो काळ खासगी बसगाड्यांचा होता. बीडहून पुण्याला रोज नवी गाडी निघायची, पडद्यांची, टीव्हीची, गुबगुबीत खुर्च्यांची. आमच्या ह्यांची गाडी सकाळी बीडहून सुटायची, पालीवरून मांजरसुंब्याला यायची आणि तिथं चांगली थांबायची, कारण केजकडची माणसं जीपमधून तिथं येऊन चढायची. थांबायची जागा एक ठरलेला ढाबा. ज्या ढाब्यावर गाडी थांबते, तिथं ड्रायव्हरला पैसे पडत नाहीत, हा सगळ्या हायवेचा कायदा. ड्रायव्हर लोकांचं टेबल वेगळं, आतल्या बाजूला. पॅसेंजरला मिळतं त्यापेक्षा दुप्पट त्यांना मिळतं, कारण उद्या ड्रायव्हर रुसला तर गाडी समोरच्या ढाब्यावर जाईल. म्हणून ढाबेवाला स्वतः उभा राहून वाढायचा. लाल तर्रीची वाटी, त्यावर आणखी तर्री, भाकरीवर तुपाची धार. "घ्या वस्ताद, घ्या." वस्ताद घ्यायचे. एक दिवस जाताना घ्यायचे, दुसऱ्या दिवशी येताना घ्यायचे. वाढलेलं नाकारलं तर ढाबेवाल्याच्या काळजात धस्स व्हायचं, म्हणून त्याच्या काळजासाठी जेवायचे, असं ते मला तोंड वर करून सांगायचे.

मग एका सकाळी मांजरसुंबा सोडून पाटोद्याच्या वाटेला लागल्यावर, रस्ता सरळ, ऊन चांगलं वर आलेलं, आणि ह्यांचा डोळा लागला. गाडी रस्ता सोडून बाभळीत शिरली. देवाची कृपा म्हणून खरचटण्यावर निभावलं. एका बाईच्या मांडीवरचं लेकरू खाली पडलं आणि रडलं, तेवढंच. पण ते लेकरू मला पुढं कितीतरी दिवस दिसत राहिलं. मी ते बघितलंही नव्हतं, तरी दिसायचं.

मालक भला माणूस. त्यांनी आवाज चढवला नाही. नुसता हात पुढं केला. "मामा, चावी ठिवा हितं. डॉक्टरचा कागद आणा, मग बोलू." तोवर ह्यांना बीडच्या ऑफिसात बुकिंगच्या टेबलावर बसवलं. ज्या माणसानं आयुष्यभर स्टेअरिंग धरलं, तो आता सीट नंबर लिहीत बसला. घरी आले की भिंतीकडं तोंड करून पडायचे. ह्या माणसाचं गाडीशिवाय काय होणार, ह्याची मला काळजी लागायची. पण चावी परत मिळाली आणि पुन्हा डोळा लागला तर? ती काळजी त्याहून मोठी. कुणाला सांगणार?

बीडच्या डॉक्टरांनी ह्यांना काट्यावर उभं केलं, गळ्याभोवती टेप फिरवली आणि विचारलं मला. हे घोरतात का, मध्येच श्वास थांबतो का? मी म्हटलं, थांबतो. मी कोपरानं ढोसते, मग सुरू होतो. बाहेर म्हैस सुटली तरी कळायचं नाही इतकं घोरतात. डॉक्टर म्हणाले, "ताई, हे झोपतच नाहीत. गळ्याभोवतीची चरबी झोपेत श्वासाची वाट बंद करते. म्हणून दिवसा डोळा लागतो. वजन उतरलं नाही तर मी कागद देणार नाही. वजन उतरलं तरी झोप नीट लागतेय का ते बघूनच देईन."

मग त्यांनी नव्यानंच आलेल्या एका औषधाचं नाव लिहिलं. जेवणाबरोबर घ्यायची कॅप्सूल. खाल्लेल्या तेलातुपातला काही भाग ती अंगाला लागू देत नाही, तसंच बाहेर काढते. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, की ही जादू नाही. तेल कमी खायचं, भाजी-भाकरी खायची, रोज चालायचं आणि त्याला हातभार म्हणून ही गोळी. वर हेही सांगितलं, की तेलकट खाल तर त्रास होईल, पोटाचा. पण आमचे हे डॉक्टरांचं पहिलं वाक्य ऐकून थांबले होते. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला म्हणाले, "म्हंजी तेल खाल्लं तरी लागत न्हाई. लई भारी इलाज हाय गं!" मी कपाळावर हात मारला. पण मला वाटलं, घरी गेल्यावर समजावू.

समजावायच्या आधीच माझ्या भावाच्या मुलीचा साखरपुडा आला, जामखेडला. आम्ही आदल्या दिवशी निघालो, आमच्याच गाडीनं, पण पॅसेंजर म्हणून. मांजरसुंब्याला गाडी थांबली. ढाबेवाल्यानं ह्यांना बघितलं आणि हाताला धरून आतल्या टेबलावर नेलं. "वस्ताद, चावी मालकानं घेतली, आमी न्हाई." दुसरे ड्रायव्हर जेवत होते. मी दारात उभी राहून बघत होते. ह्यांनी खिशातून कॅप्सूल काढली, सगळ्यांना दाखवली, पाण्याबरोबर गिळली आणि म्हणाले, "आता वाढा बे बिनघोर. तेल आत जातच न्हाई. हिकडनं आलं, तिकडनं गेलं."

सगळं टेबल थक्क. एकानं नाव विचारून घेतलं. ढाबेवाल्याला तर आनंदानं काय करू नि काय नको झालं. तर्रीच्या दोन वाट्या झाल्या, भजी झाली, तूप झालं. मी दारातून डोळे वटारले. माझ्याकडं बघून हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साखरपुडा. आमच्यात व्याहीभेटीचा मान असतो. दोन्हीकडची थोर माणसं एकेक करून उठतात, गंध-टोपी होते, गळाभेट होते. भावाच्या घरचे हे थोरले जावई, म्हणजे पहिला मान ह्यांचा. पुरुषमंडळी गादीवर बसली होती, पांढरीशुभ्र चादर, ह्यांचा लेंगाही पांढरा. भटजींनी हाक दिली, "थोरले जावई या." हे उठेनात.

"दाजी, उठा," माझा भाऊ म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या. पुढच्याला घ्या."

बायकांच्या घोळक्यात कुजबुज सुरू झाली. जावई रुसले! कावून रुसले? कुणी म्हणालं, रात्री पानात वाढायला उशीर झाला. कुणी म्हणालं, टोपी हलकी आणली. नवऱ्या मुलाकडची मंडळी एकमेकांकडं बघायला लागली. माझ्या भावाचा चेहरा उतरला. पोरीचा साखरपुडा आणि घरचा जावई रुसलेला, म्हणजे गावभर शोभा. तो गादीजवळ वाकला आणि हात जोडून म्हणाला, "दाजी, काय चुकलं आमचं? माफी करा." आणि मग त्याला जे सुचलं ते कुणालाही सुचलं असतं. त्यानं आत ओरडून सांगितलं, "दाजींना शिरा आणा, वर तूप सोडा चांगलं!"

मी धावतच पुढं गेले. ह्यांच्या डोळ्यांत असं काही होतं की रुसवा नाही हे मला कळलं. मी वाकून कान जवळ नेला.

"अगं, तेल," ते पुटपुटले.

"कसलं तेल?"

"कालचं. बाहीर आलंय. चादरीवर."

क्षणभर मला हसू येणार की रडू हे मलाच कळेना. पण उभी राहून चालणार नव्हतं. शेजारी मठ्ठ्याचा जग होता. मी तो उचलला, पाय अडखळल्यासारखं केलं आणि सगळा मठ्ठा नवऱ्याच्या मांडीवर ओतला. एकच गोंधळ उडाला, गादीवरची माणसं पटापट उठली. माझी चुलती कडाडली, "डोळं फुटलं का गं तुझं?" मी म्हटलं, फुटलं. चादर गुंडाळली, ह्यांना त्या चादरीसकट उठवलं आणि न्हाणीत घेऊन गेले. थोड्या वेळानं भावाचा लेंगा घालून हे बाहेर आले, गंध झालं, भेट झाली. जावयाचा रुसवा मठ्ठ्यानं गेला, अशी जामखेडला अजूनही चर्चा आहे.

न्हाणीत मात्र मी ती चादर चोळत होते आणि डाग निघत नव्हता. तर्रीचाच रंग, तसाच्या तसा. हे दाराशी उभे. "फेकून दे त्या गोळ्या," म्हणाले. "माणसात बसायची सोय ठिवली न्हाई."

मी तोवर हसणं दाबून ठेवलं होतं, त्याचा राग झाला. म्हटलं, "गोळी काय खोटं बोलली? जेवढं तुमी जास्तीचं गिळलं, तेवढं तिनं तुमाला काढून दाखवलं. आजपतुर कुनी दाखवलं न्हवतं. त्या बाभळीत लेकरू गेलं असतं तर मठ्ठा कुणावर वतायचा होता मी?"

त्यांनी वाकून चादरीचं दुसरं टोक धरलं. मी एवढं कधी बोलले नव्हते.

त्या दिवसापासून मी कंबर कसली. आमच्या घरी तेल हाताच्या अंदाजानं पडायचं, आणि दुकानदाराच्या घरचा अंदाज सढळ असतो. नव्यानं आलेली पिशवीतली तेलं तर पाण्यासारखी ओतली जायची. मी फोडणीला चहाचा चमचा लावला. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. "सुतकातलं जेवण" म्हणाल्या. मी म्हटलं, सुतक येऊ नये म्हणूनच आहे. जेवणात ज्वारीची भाकर, अंबाडी, बिनफोडणीचं वरण, कांदा, ताक. सकाळी बिंदुसरेच्या धरणाच्या भिंतीवर चालायला. पहिल्या दिवशी हे थोडं चालून बसले आणि घाम पुसत माझ्याकडं असं बघायला लागले, की मीच त्यांना उन्हात बांधून ठेवलंय. त्यांचा एक जुना दोस्त सायकलवरून ओरडला, "कावून बे, धरण मोजाया निघाला का?" हे म्हणाले, "पोट मोजतोय बे. धरणापेक्षा मोठं हाय." त्या दिवशी मला वाटलं, हा माणूस जमवणार.

गोळीचं म्हणाल तर माझ्या मते ती औषध कमी आणि चुगलखोर जास्त. बीडच्या स्टँडवर चोरून भजी खाल्ली, की मला विचारावं लागायचं नाही. धुण्यात कळायचं. ह्यांनाही ते लवकरच कळलं. माझ्यापुढं कबूल होण्यापेक्षा भजी सोडणं त्यांना सोपं वाटलं. मध्ये एकदा काटा हलेचना. कितीतरी दिवस तोच आकडा. हे चिडले, वहाणा फेकल्या, म्हणाले, न्हाई जात तर न्हाई जात, बुकिंगवर मरंन. मी वहाणा उचलून त्यांच्या पायापुढं ठेवल्या आणि एकटीच धरणाकडं निघाले. बऱ्याच वेळानं मागं पावलं वाजली. मागं वळून बघितलं नाही. माझाही जीव आहे, मलाही कंटाळा आला होता.

काटा पुन्हा हलला. पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. घोरणं आधी बारीक झालं, मग कधीकधी इतकं शांत, की मी घाबरून नाकापुढं हात धरायची. श्वास चालू असायचा. दिवाळी गेल्यावर डॉक्टरांनी पुन्हा टेप फिरवली, खोदून खोदून विचारलं, दिवसा डुलकी येते का, बसल्या बसल्या येते का. मग गोळ्या बंद केल्या. म्हणाले, आता चालणं आणि ताट हेच औषध, ते मात्र बंद करायचं नाही. आणि कागदावर सही केली. मालकानं कागद वाचला आणि ड्रॉवर उघडला. चावी घेऊन ह्यांनी ती कपाळाला लावली. मी बघितलं, पण बघितलं नाही असं दाखवलं.

पहिल्या फेरीला मी गाडीत बसले. कुणी बोलावलं नव्हतं. मालकाला म्हटलं, जामखेडला काम आहे. काम काही नव्हतं. मला ड्रायव्हरच्या मागची सीट हवी होती, जिथून ह्यांची मान दिसते. मान पडताना दिसली की ओरडायचं, एवढं ठरवून मी बसले.

मांजरसुंब्याला गाडी थांबली. ढाबेवाला वाटी घेऊन धावला. ह्यांनी वाटीवर हात ठेवला. "गाडी हितंच थांबल, मालक. रोज थांबल. पण मला वरण द्या, बिनतेलाचं." ढाबेवाला हिरमुसला. मग ह्यांनी सगळ्या टेबलाला जामखेडची गोष्ट सांगितली, चादरीसकट, मठ्ठ्यासकट. ड्रायव्हर लोक पोट धरधरून हसले. ज्यानं औषधाचं नाव विचारून घेतलं होतं तो मात्र गंभीर झाला. आतून वरण आलं. मी बाहेर उभी होते. मला नवऱ्याचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता, लग्नातही नाही.

मग पाटोद्याचा रस्ता लागला. ऊन चांगलं वर आलं होतं. ती बाभूळ आली आणि मागं गेली. मान ताठ होती. मी त्या मानेवर डोळे रोवून बसले होते. किती वर्षं मी ह्यांच्या झोपेत जागी होते, ते मला तेव्हा कळलं.

पुढचं मला आठवत नाही. जामखेड आलं तेव्हा गाडी उभी होती, बाया-माणसं मला ओलांडून उतरत होती आणि हे सीटवरून मागं वळून बघत होते.

"उठ, आलं जामखेड," म्हणाले. "पाटोद्यापासून घोरतीयास. सगळी गाडी ऐकत व्हती."

"मग उठवायचं न्हाई का?"

"कावून उठवू?" ते म्हणाले. "मी जागा व्हतो की."