ज्या आळीतून फोन आला नाही

आधीच सांगून टाकते, मला होड्या हव्या होत्या. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षात मी बसते आणि निधीच्या फायली माझ्याच टेबलावरून वर जातात. त्या वर्षीचे पैसे एकाच गोष्टीला पुरणार होते. एक तर नव्या होड्या घ्यायच्या, नाहीतर चिपळूण शहरात पूर आला की मदत आधी कुठे पाठवायची हे सुचवणारं कृत्रिम बुद्धिमत्तेचं यंत्र. मी रत्नागिरीच्या बंदरावरची, माहेरचे सगळे खलाशी. बुडणाऱ्या माणसाला होडी लागते, संगणक काय कामाचा, असं मी साहेबांना तोंडावर सांगितलं. साहेब हसले. म्हणाले, “पावसाळाभर वापरून बघू. मग पैसे द्यायचे की नाही, ते टिपण तुम्हीच लिहा.” घ्या, आली का पंचाईत.

यंत्र म्हणजे माझ्या टेबलावरचा एक पडदा, दुसरं काही नाही. त्यावर शहराचा नकाशा, आळ्यांसकट. घाटावरचा पाऊस, नदीची पातळी, खाडीची भरती, लोकांचे फोन, सगळं ते एकत्र वाचायचं आणि शुद्ध मराठीत दोन ओळी लिहायचं. सुरुवातीला मी त्याच्याकडे बघायचेही नाही.

चिपळूणला पाणी भरायला लागलं ती सकाळची वेळ. बंदरावरच्या काही होड्या ट्रकवर घालून आम्ही आदल्या दिवशीच तिकडे पाठवल्या होत्या. फोन तर थांबायचं नाव घेईनात. बाजारातून, पुलाजवळून, स्टँडवरून. जो जास्त ओरडेल त्याच्याकडे होडी, असं आमचं वर्षानुवर्षं चालत आलेलं. एवढ्यात पडद्यावर एक आळी लाल झाली. तिथून एकही फोन नव्हता. खाली लिहिलेलं होतं, ‘वरच्या आणि खालच्या आळीतून फोन येत आहेत, मधल्या आळीतून नाही. भरती आणि घाटावरचं पाणी एकाच वेळी पोचेल. होडी आधी इथे पाठवा.’

ती आळी माझ्या आत्याची. नवरा गेल्यापासून एकटीच. खाली सुक्या मासळीचं दुकान, मागे घर, वर माळा.

मी फोन लावला. आत्या म्हणाली, “काय नाय गो. गोणी माळ्यावर टाकल्येयत, मी पण वरच जाऊन बसत्येय. पाणी अजून रेघेच्या किती खाली आहे.”

ही रेघ चिपळूणच्या बाजारपेठेत घरोघरी असते. मागच्या मोठ्या पुरात पाणी जिथवर चढलं, तिथे भिंतीवर रंगाने ओढून ठेवतात आणि सगळं तिच्या वर हातभर उचलून ठेवतात. एकदा उचललं की निर्धास्त. सगळी आळी तशीच बसलेली होती, म्हणून कोणाचा फोन नव्हता. मलासुद्धा ते ऐकून हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण पडद्यावरची आळी लालच होती, आणि आता त्याखाली आणखी एक ओळ आली होती, ‘पाणी मागच्या खुणेच्या वर जाण्याची शक्यता आहे.’ साहेब मागे येऊन उभे राहिले, त्यांनी ती ओळ वाचली आणि पुलाकडे निघालेली होडी फिरवली.

होडी दारात पोचली तेव्हा पाणी गुडघ्यापर्यंत होतं. होडीवर आमच्याच बंदरावरचे एक काका. त्यांनी मला फोन केला, “तुझी आत्या येत नाय. म्हणते, ज्यांना गरज आहे त्यांच्याकडे जा.” मी आत्याला फोनवर समजावलं, रागावले, शेवटी रडले. ती आपली शांत. म्हणाली, “माझ्यापायी दुसऱ्याची होडी अडवू नको.” आमची माणसं अशी. मेली तरी कोणाला त्रास द्यायची नाहीत.

फोन कानाला तसाच धरून मी नकाशा मोठा केला. पडद्यावर आळीतली घरं दिसत होती. आरोग्य खात्याच्या आशाताईंनी घरोघर फिरून नोंदवलेली आजारी माणसंही त्याच्यात. आत्याच्या पलीकडच्या घरात अंथरुणाला खिळलेली एक म्हातारी होती, सोबतीला फक्त तिचा म्हातारा. यंत्राने तिच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘उचलताना एक बाई सोबत हवी.’ हे त्याला कोणी शिकवलं, देव जाणे.

मी म्हटलं, “आत्ते, पलीकडच्या काकींना होडीत घालायचंय. गड्यांच्या हातात त्या जाणार नाहीत. त्यांना धरायला कोणी बाई नाही.”

“मग आधी नाय सांगायचं?” आत्या म्हणाली आणि शिडी उतरली.

त्यानंतर फोन लागेना. दुपारभर मी लोकांचे फोन घेत होते, पण जीव सगळा त्या आळीत. मधेच नदीच्या पातळीचा आकडा मागच्या पुराच्या खुणेपलीकडे गेला. मी पडद्याकडे बघत राहिले. त्या पडद्यालाच नमस्कार करावासा वाटला, आणि मी केलाही. कोणी बघितलं असेल तर बघू दे. संध्याकाळी काकांचा निरोप आला की सगळी आळी शाळेच्या वरच्या मजल्यावर आहे, आणि तुझी आत्या काकींना पेज भरवतेय.

माझ्या टिपणावर यंत्राचे पैसे मंजूर झाले. होड्यांसाठीही मी दुसरं टिपण भांडून पाठवलं, ते अजून वर फिरतंय. पण त्याआधी वरून एक प्रश्न आला होता, की यंत्र नसतं तर नेमकं काय झालं असतं? ज्या आळीतून फोनच आला नाही, तिथली माणसं वाचली हे कागदावर दाखवायचं कसं? ते बघायला मी पाणी ओसरल्यावर चिपळूणला गेले.

आत्या दुकानातला चिखल फावड्याने ओढत होती. कुरकुर चालू होतीच. “मी काय अडकले नव्हते, काकींना पोचवायला गेले होते. तुमच्या यंत्राला तसं लिहायला सांग.” मी हसले. म्हटलं, बरं, सांगते.

मग आम्ही दोघी माळ्यावर चढलो. गोणी फुगून फुटल्या होत्या, घाणीने डोकं उठत होतं. कोपऱ्यात तिने स्वतःसाठी गोधडी अंथरली होती, उशाशी पाण्याचा तांब्या, डब्यात चपात्या. त्या सगळ्यावर गाळाचा थर बसला होता. वरती कौलांच्या वाशांनाही ओला चिखल लागलेला होता. पाणी थेट तिथवर चढलं होतं, माणसाला डोकं वर काढायला जागाच उरली नव्हती.

 आत्या शिडीच्या तोंडाशीच खाली बसली आणि माझा हात घट्ट धरला.

“नायतर मी इथेच असते गो,” ती म्हणाली.