पार्किंगखालचं खळं, आईचे तळवे

नोकरीसाठी मस्कतला निघाले तेव्हा मे महिना होता आणि माझ्या पायात नवेकोरे बंद बूट. पालेगावच्या आमच्या अंगणात जमलेली सगळी माणसं माझं तोंड बघत होती, आई तेवढी माझे पाय. "एवढ्या उन्हात बूट? पाय शिजतील गो बाय," म्हणाली. मी काही ऐकणार नव्हते. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, बी.कॉम., आणि विमानात बसणारीही पहिलीच. अंगठ्याची चप्पल घालून विमानात चढायचं नाही, हे माझं पक्कं होतं.

गाडी खळ्याच्या पलीकडे उभी होती. खळ्याशी आल्यावर आईने मला थांबवलं आणि बूट, मोजे काढायला लावले. भात झोडून महिने लोटले असतील, खळं उखडलेलं असेल, तरी त्या जागेवरून पायात काही घालून जायचं नाही ही आमची रीत. वर्षाचं धान्य तिथं उतरतं, ती लक्ष्मीची जागा. गाडीतून दादा ओरडला, "ओ मॅडम, विमान काय रिक्षा आहे का, थांबायला?" मी तापलेल्या मातीवरून उड्या मारत गेले. आई मागून सावकाश आली. तिच्या तळव्यांना ऊन लागतच नाही, अशी आमची समजूत होती.

मस्कतचं ऊन वेगळं. ते फरशीतून वर येतं. पहिल्याच उन्हाळ्यात बूट कोपऱ्यात गेले आणि मी पातळ, सपाट स्लिपर घेतल्या. पायाला वारा लागतो, बरं वाटतं. मग कधीतरी सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला की टाचेत खिळा घुसल्यासारखं व्हायला लागलं. क्लिनिकमधल्या फिजिओने माझी स्लिपर हातात घेतली आणि चपाती दुमडावी तशी दुमडून दाखवली. इतकी वाकणारी चप्पल पायाला आधार काय देणार? टाचेखाली थोडी जाडी हवी, मधे उठाव हवा, मागे पट्टा हवा. हे सगळं मी फोनवर आईला सांगितलं तर ती खो खो हसली. "कालेजात गेली आनि चालायला आता शिकते!"

तिकडे गावात टॉवर उभे राहत होते. आमच्याही शेतावर एक झाला. आईला आणि दादाला त्यातच दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. खळं होतं तिथं पार्किंग आलं, वर पेव्हर ब्लॉक. त्याच सुमारास आईला शुगर निघाली.

गेल्या मे महिन्यात भर दुपारी ती डबाभर वालाचं बिरडं घेऊन काकीकडे निघाली. काकी पार्किंगच्या पलीकडे, जुन्या घरातच राहते. आईने पार्किंगच्या कडेला चपला काढल्या, तापलेल्या ब्लॉकवरून अनवाणी गेली, तशीच परत आली. संध्याकाळी दादाला घरातल्या फरशीवर ओले ठसे दिसले. त्याला वाटलं पाणी सांडलं. तळव्यांचे फोड फुटले होते, आणि आईला पत्ता नव्हता. शुगरने तिच्या पायांतली जाणीवच गेली होती.

मी मिळेल त्या विमानाने आले. एका अंगठ्याची जखम चिघळली होती. अंबरनाथ पश्चिमेला डॉक्टरांनी ड्रेसिंग करता करता सांगितलं, आता भरून येईल. पण पुन्हा अनवाणी चाललात तर अंगठा राहील असं मी म्हणणार नाही. घरी आल्यावर मी भडकले. "अगं, खळं राहिलंय कुठं तिथं? पार्किंग आहे ते!"

"वरतून पार्किंग," ती म्हणाली. "खाली काय हाय?"

मी कॉमर्सची. जमिनीचे व्यवहार मला कळतात. हा मात्र कुठल्या खात्यात मांडायचा?

जखम भरल्यावर दादाने आम्हाला उल्हासनगरच्या मार्केटात नेलं. सिंधी दुकानदाराने पुढून बंद, रुंद, पट्ट्याचे सँडल काढले. "माताजी, पहनके तो देखो. गद्दी है गद्दी!" आई माझ्या कानात म्हणाली, "गादीवर झोपतात, चालत नाय." तरी घातले. आत हात फिरवून खडा आहे का बघायचं, सुती मोजे घालायचे, रोज रात्री तळवे तपासायचे, सगळं कबूल केलं. खळ्यावर सँडल घालायचं तेवढं नाही. सँडल पायात असतील तर ती तिथून जाणार नाही, आणि काढले तर अंगठा जाईल. मी परतले तेव्हा हाच घोर घेऊन परतले.

माझ्यासारख्या गावाबाहेर पडलेल्यांनो, फोनवर आईला नुसतं जेवलीस का विचारू नका. तळवे दाखव म्हणा. आणि तुम्ही जे गावातच आहात, म्हाताऱ्या माणसांच्या टाचा उलट्या करून बघा. कितीही रागावू देत.

मागच्या शुक्रवारी मी व्हिडिओ कॉल केला तर आई घरात नव्हती. "थांब, गंमत दाखवतो," म्हणत दादाने मोबाईल गॅलरीतून खाली धरला. आई काकीकडे निघाली होती, सँडल घालून. पार्किंगच्या कडेने, भिंतीला धरून, मीटरच्या खोलीमागून मोठा वळसा घेऊन. मधल्या जागेत गाड्या उभ्या होत्या, त्यांच्या आसपासही ती गेली नाही. "वॉचमन म्हणतो, माताजी रोज राउंड मारती है. बिल्डिंगवाल्यांना वाटतं व्यायाम चाललाय," दादा हसत होता.

मला हसू आलं नाही. आईने न सांगता दोन्ही सांभाळलं होतं, अंगठा आणि खळंही. इथं लोक विचारतात, तुझं घर कसं आहे? मी दुसरा मजला, वन बीएचके असं काहीतरी सांगते. पण त्या दिवशी, आई ज्याच्या भोवतीने फिरली तो चौकोन मला इतक्या लांबून नीट दिसला. माझं घर तेवढंच, आणि ते अजून शाबूत आहे.