आत्याला विचारा

पोखर्णीला एसटीतून उतरलं की आमची आत्या नरसिंहाच्या देवळाकडे अशी सुटायची, की आम्हाला तिच्यामागे पळावं लागे. “पायात काटे भरले का रे तुमच्या?” असं न वळताच ओरडायची. लवकर विधवा झालेली, झरी गावात आमच्यातच राहणारी, पण स्वतःचं शेत स्वतः कसणारी. कुणाचा सल्ला तिने कधी घेतला नाही, आणि न मागता दिल्याशिवाय ती कधी राहिली नाही.

साठी ओलांडली तशी ती पडू लागली. उभ्या जागी, मागच्या मागे. “मला मागून कुणीतरी वढायलंय,” म्हणायची. शेजारणींनी बाधा ठरवली, गंडेदोरे झाले. पडणं थांबलं नाही.

नांदेडच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो उजेडापुढे धरला. “इथं मेंदूचा देठ झिजलाय. पेशींमध्ये एक प्रथिन गुठळ्या होऊन साचतं आणि पेशी मरत जातात. आजार दुर्मीळ आहे. बरं करणारं औषध नाही.” झिजलेला भाग कडेने लांब चोचीच्या पाखरासारखा दिसत होता, तोही त्यांनी दाखवला.

“पाखरू माझ्या डोक्यात, अन् पिंजऱ्यात मी व्हय?” आत्या म्हणाली. डॉक्टर हसले. ती हसली नाही.

पुढे तिची नजर खाली वळेना. ताटातली भाकरी दिसेना, म्हणून मी ताट उंच डब्यावर ठेवून तिच्या डोळ्यांसमोर आणायची. चेहरा ताणलेला, पापणी लवेना. पोरं भिऊ लागली. बोलणं एकेका शब्दावर आलं, तशी माणसं तिच्यादेखत तिच्याविषयी बोलू लागली. एकदा काकू म्हणाली, “तिला काय कळायलंय आता!” विषय बदलला, चहा आला, आणि मग कोपऱ्यातून आवाज आला, “कळ... तंय.” काकूची बशी हातातच राहिली.

शेवटी गिळणंही जमेना. अन्नासाठी पोटात नळी घालायची का, असं डॉक्टरांनी वडिलांना विचारलं. ते हो म्हणणार, इतक्यात मी म्हणाले, “आत्याला विचारा.”

डॉक्टर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. नळी घातली तर काय, नाही घातली तर काय, सगळं तिला सांगितलं. मग आम्ही थांबलो. वडिलांचे ओठ हलले. मी त्यांचा हात दाबला.

“नको,” आत्या म्हणाली. आणि आणखी बऱ्याच वेळाने, “घरी.”

घरी ती फार दिवस राहिली नाही. वडील तिच्या ओठांना दुधाचा चमचा लावायचे. पण आधी विचारायचे, “अक्का, देऊ का?” आणि तिचं उत्तर येईपर्यंत चमचा तसाच धरून बसायचे.