ताईला वाचता येईल एवढी अक्षरं

मी आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. अंधेरी ते मालाड, अर्ध्या बाजाराची नावं माझ्या हातची होती. फ्लेक्स आले, पाट्या उतरल्या. मग त्या पाट्यांच्या आठवणी मी सुनेच्या जुन्या लॅपटॉपवर एका बोटानं लिहून काढल्या. एकशे चाळीस पानं. कुणाची मदत घेतली नाही.

रंगवायच्या आधी आम्ही भिंतीवर खडूनं खुणा करायचो, कुठलं अक्षर मोठं, कुठलं लाल. ती सवय सुटत नाही. प्रत्येक प्रकरणाच्या नावाआधी मी दोन फुल्या टाकल्या. मग ते नाव मोठं केलं, जाड केलं आणि स्पेस दाबत दाबत मध्यावर आणलं, नजरेनं. पुढचं प्रकरण नव्या पानावर हवं, तर पान संपेपर्यंत एंटर मारत बसलो.

छापून घेतलं आणि बोरिवलीहून थेट घाटकोपरला ताईकडे नेलं. मला अक्षर काढायला तिनंच शिकवलं, चुलीतल्या कोळशानं. आता तिला काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली किती दिवस, ते डॉक्टरही सांगत नाहीत.

तिनं कागद नाकाला लावला. "कागदावर मोहरी सांडलंस काय रे?"

"मी वाचून दाखवतो."

"माका कोणी वाचून दाखवूक नको. अक्षरां मोठी कर."

घरी येऊन सगळा मजकूर एकदम मोठा केला आणि वाट लागली. नावं आणि मजकूर एकाच मापाचे झाले, जसा धन्याला आणि गड्याला एकच सदरा. स्पेसनं मध्यावर आणलेली नावं उजव्या कडेला जाऊन मोडली. प्रकरणं कुठंही अध्येमध्ये सुरू झाली. एकेक पान हातानं दुरुस्त करत चार दिवसांत एकतीस पानं केली आणि तिला नेऊन दाखवली. ती म्हणाली, अजून मोठी.

म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.

सून ऑफिसात मोठमोठे रिपोर्ट बनवते. ती म्हणाली, "बाबा, स्टाइल लावा ना. नावांना एक, मजकुराला एक. मग माप एकाच ठिकाणी बदलायचं."

"पत्र्यात अक्षरं कापून स्टेन्सिल मारणाऱ्याला आम्ही पेंटर म्हणत नव्हतो."

"बरं. मग आत्यांना सांगते, दिवाळीपर्यंत नजर सांभाळा."

मी गुपचूप उठून तिला खुर्ची दिली.

तिनं फुल्या शोधून त्या त्या नावाला स्टाइल लावली, मग फुल्या आणि माझे जास्तीचे स्पेस-एंटर काढून टाकले. "खुणा केल्यात ते झकास झालं बाबा. नाहीतर नाव कुठलं आणि मजकूर कुठला, शोधत बसले असते." मी मिशीवर हात फिरवला. मग तिनं माप अठरा केलं, नंतर चोवीस. अख्खं पुस्तक वाढलं, नावं जागच्या जागी, प्रत्येक प्रकरण नव्या पानावर. स्टेन्सिल नवं कापलं तर पुढची अक्षरं बदलतात, रंगवून झालेली नाहीत. इथं झालेलीही बदलली. हे मी तिला बोलून दाखवलं नाही. चूक शोधत राहिलो आणि सापडली.

"हे नाव उजवीकडे सरकलंय."

"तुमच्या स्पेस राहिल्यात तिथं."

रविवारी जाडजूड गठ्ठा घेऊन आम्ही दोघं घाटकोपरला गेलो. ताई खिडकीशी बसली. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि ओठ हलवत वाचू लागली. एका पानाला पाव तास. सून माझ्याकडं बघत होती, ताईकडं नाही. बोट थांबलं.

"चवथी पास? तू चवथी पास कधी झालंस रे? दोनदा नापास झालंस, ता खय लिवलंस?"

सून हसून हसून लाल झाली. मी म्हटलं, "वाच गं पुढं."

ताईनं पान उलटलं.